मागची तारीख

रत्नागिरीत मी ज्या खोलीत तीन वर्षं भाड्याने राहिलो, त्या खोलीत बॅग ठेवायच्या आधी मला तिची मोजणी करून घ्यावी लागली. घरमालकांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत सगळं मोजून एका कागदावर खोलीचा नकाशा काढला. नकाशात मोरी होती, खुंट्या होत्या, बाहेरची कपडे वाळत घालायची दोरी होती आणि त्या दोरीच्या मधोमध एक फुली होती. फुलीच्या अलीकडे माझे कपडे, पलीकडे त्यांचे. मग त्यांनी शेजारच्या मास्तरांना आणि मिरकरवाड्याहून टोपली घेऊन आलेल्या मासेवालीला पंच म्हणून उभं केलं.

मासेवाली पदराला हात पुसत म्हणाली, "काका, गेल्या खेपेचा भाडेकरू पलाला तवा पन माजीच सही व्हती."

"म्हणूनच तुझी घेतोय," ते म्हणाले. "तुला अनुभव आहे."

मी सांगलीकडचा, चोविशीतला, एका संगणक क्लासात शिकवायला म्हणून आलेला. सही करताना मला हसू आवरेना. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. लोक हसतात याची त्यांना सवय होती.

जमीन मोजणीच्या नोकरीत त्यांची उभी हयात गेली होती. आळीत सगळे त्यांना मोजणीकाका म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण माणूस अजून मोजणीवरच होता. जिना उतरताना त्यांचे ओठ हलत. रस्त्याने त्यांच्याबरोबर जाताना काही बोलायला गेलं की हात वर करून थांबवत, कारण पावलं मोजणं चालू असे. "काय घाटावरचे," मला सकाळी विचारत, "क्लासला निघालात? आपल्या फाटकापासून नाक्यापर्यंत चारशे बारा पावलं आहेत. त्या बेताने निघत जा." घाटावरचे हे माझं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी ठेवलं. खरं नाव भाडेकरारात होतं, त्यामुळे ते वापरायची त्यांना गरज वाटली नसावी.

शेजारच्या मास्तरांच्या कलमाची एक फांदी गडग्यावरून, म्हणजे दोन अंगणांमधल्या जांभ्याच्या कुंपणावरून, आमच्या बाजूला झुकलेली होती. मे महिन्यात आंबे आमच्या अंगणात पडत. काका ते गोळा करून गडग्यावर एका रांगेत मांडून ठेवत. काकू वैतागत.

"अहो, ते स्वतः सांगून गेलेत खा म्हणून."

"सांगितलं ते ठीक. पण हद्द म्हणजे हद्द. त्यांनी आपल्या हाताने द्यावा, मग खाईन."

आणि खरोखर मास्तर रोज सकाळी त्या रांगेतला एक आंबा उचलून, गडग्यावरून हात लांब करून काकांच्या हातात ठेवत. मग काका खात. हा सोहळा मी तीन उन्हाळे पाहिला. पहिल्या उन्हाळ्यात हसलो, तिसऱ्या उन्हाळ्यात मास्तरांना उशीर झाला तर मीच हाक मारायला लागलो होतो.

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल सांगायला लागलो की माणसं हसतात, आणि मीही हसवतो. पण मी त्यांच्याशी एकदा जे वागलो ते सांगितल्याशिवाय हे चित्र खोटं होईल, आणि खोटा कागद त्यांना चालत नसे.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट मला काकूंकडून कळली. कुणा बड्या जमीनवाल्याला मोजणी दोन महिने आधीच झाल्याचं दाखवायचं होतं. मोजणीतला एकही आकडा बदलायचा नव्हता, फक्त खालची तारीख मागची घालायची होती. काकांनी नकार दिला. त्यानंतर सहा वर्षांत त्यांच्या चार बदल्या झाल्या. काकू मुलाला आणि भांड्यांना घेऊन बिऱ्हाडं हलवत राहिल्या. "एका तारखेपायी मी चार गावचं पाणी प्याले," असं त्या कुरकुरत सांगत, पण घरी नवा पाहुणा आला की पहिलं हेच सांगत.

काकांना मी एकदा याबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "आकडा चुकला तर पुन्हा मोजता येतं हो. मागची तारीख घातली की तो माणूस त्या दिवशी तिथे नव्हताच, तरी होता असं होतं. ते मी कधी केलं नाही. बाकी नोकरीत सांगण्यासारखं फारसं काही नाही."

निवृत्तीनंतर त्यांनी पाखाड्यांचं काम काढलं होतं. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट. इथली गावं उतारावर, त्यामुळे घरातून देवळात, देवळातून शेतात, शेतातून बंदरावर जायचं ते पाखाडीने. गाड्यांचे रस्ते झाले, घरटी एकेक माणूस मुंबईला गेला आणि पाखाड्यांवर रान माजलं. बऱ्याचशा पाखाड्या कुठल्याच कागदावर नव्हत्या.

"कागदावर नाही ती वाट उद्या कुणीही आपल्या गडग्यात घेईल," काका म्हणाले. "मग म्हातारीने देवळात जायचं कुठून?"

"कोण म्हातारी?"

"आई."

त्यांच्या वाडीतली पाखाडी कुणीतरी जागा घेऊन कुंपणात घातली होती. रस्त्याने देऊळ दीड मैल पडे. शेवटची चार वर्षं आई देवळात गेलीच नाही, ओटीवरून कळसाला हात जोडायची. दावा लावायचा तर पाखाडी होती याचा कागद हवा, आणि तो नव्हता. "अख्ख्या जिल्ह्याच्या जमिनी मोजल्या मी," काका म्हणाले, "आणि आमच्या वाडीची पाखाडी तेवढी राहिली." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

म्हणून ते वाडीवाडीत जाऊन पाखाड्या मोजत होते. जायच्या आधी पाखाडीलगतच्या प्रत्येक घराला पोस्टकार्डाने कळवायचं, अमुक दिवशी मोजणीला येत आहे, हरकत असल्यास हजर राहावे. मोजून झालं की घरी नकाशा काढायचा, पुन्हा त्या वाडीत जायचं, वाचून दाखवायचा आणि दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. मग एक प्रत वाडीत ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं.

पुढे त्यांचा हात कापायला लागला. पेन्सिलीची रेघ सरळ येईना. मुंबईच्या मुलाने संगणक पाठवला आणि मी त्यावर नकाशे काढायचं एक सॉफ्टवेअर घालून दिलं. तीस दिवस फुकट वापरून बघायचं, मग विकत घ्यायचं. किंमत मोठ्या कंपन्यांनाच परवडावी अशी होती. मी म्हटलं, आधी हात बसू दे, मग बघू.

सॉफ्टवेअर सुरू होताना ते अटी दाखवतं आणि खाली 'मान्य आहे' असं बटण असतं. आपण सगळे ते न वाचता दाबतो. मीही दाबायला गेलो, तर काकांनी माझं मनगट धरलं.

"सही करण्याआधी वाचतात, घाटावरचे."

चाळीस पानं होती, तीही इंग्रजीत. त्यांनी ती छापून आणली आणि चार दिवस लाल पेन्सिल घेऊन वाचली. अडलं तिथे मला हाक मारत. पाचव्या दिवशी आंघोळ करून, अष्टगंध लावून बसले आणि बटण दाबलं. पावसाळा होता, मोजणी बंद होती. जुलैचे ते तीस दिवस ते रोज सकाळी त्या संगणकापुढे बसत आणि जुन्या वहीतले आकडे घालून रेघा ओढायला शिकत. पहिली सरळ रेघ आली तेव्हा त्यांनी काकूंना स्वयंपाकघरातून बोलावून ती दाखवली.

एकतिसाव्या दिवशी पडद्यावर मुदत संपल्याची सूचना आली. मी क्लासवरून आलो तर संगणकावर धुतलेलं धोतर घातलेलं होतं आणि काका झोपाळ्यावर बसून मसुदा लिहीत होते. सविनय विनंती की, सदर कामाचे स्वरूप सार्वजनिक असून, आणखी तीस दिवसांची मुदत मिळावी. मी तो इंग्रजीत करून माझ्या फोनवरून कंपनीला पाठवला. खरोखर पाठवला. उत्तर येणार नाही हे मला माहीत होतं.

आठवडाभर ते धोतर तसंच राहिलं. मला ते बघवेना. असली सॉफ्टवेअरं आपल्या दिवसांची नोंद एका लपवलेल्या फायलीत ठेवतात. ती पुसली की त्यांना वाटतं आपण आजच आलो. काका मासळी आणायला मिरकरवाड्याला गेले होते, तेवढ्यात मी ती पुसली. दोन मिनिटांचं काम. आल्यावर त्यांनी धोतर काढून पाहिलं तर पडद्यावर तीस दिवस शिल्लक होते.

"बघा," ते काकूंना म्हणाले, "तिकडेही माणसं आहेत."

"उत्तर आलं का पण?" काकूंनी विचारलं.

"मुदत वाढवली, हेच उत्तर."

त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मी काहीच बोललो नाही. मला वाटलं मी म्हाताऱ्याचं भलं केलं. त्यांनी लगेच आभाराचं पत्र सांगितलं. कंपनीला आंब्याची पेटी पाठवायची तर पत्ता काय, असंही विचारलं, आणि हंगाम नाही म्हणून तो विषय मागे पडला.

मग तो रिवाजच झाला. अठ्ठाविसाव्या दिवशी काकांची विनंती, तिसाव्या दिवशी माझी दोन मिनिटं, एकतिसाव्या दिवशी आभार. पाऊस सरला, नव्या मोजण्या सुरू झाल्या, पण त्यांचे नकाशे काढायला डिसेंबर उजाडला. नेमकं तेव्हाच सॉफ्टवेअर स्वतःहून बदललं आणि फाईल पुसायची युक्ती चालेना. तेव्हा मी दुसरी केली. संगणकाची तारीखच मागे नेऊन जुलैवर ठेवली, दर महिन्याला पुन्हा तिथेच आणत राहिलो आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ लपवून टाकलं. त्या सॉफ्टवेअरच्या लेखी पाऊसच चालू राहिला.

फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही लांज्याजवळच्या एका वाडीत सह्या घ्यायला गेलो. नळकांडी माझ्या खांद्यावर होती, तीत त्या वाडीचा नकाशा आणि आधीच्या नऊ वाड्यांच्या प्रती. पंच म्हणून एक आजी बसल्या. मुंबईच्या शाळेत शिपाई म्हणून जन्म काढून त्या गावी परतल्या होत्या, आणि न वाचता सही करणाऱ्यांतल्या नव्हत्या. कागदावर बोट फिरवत फिरवत त्या डाव्या कोपऱ्यात थांबल्या.

"ह्या काय लिवलाय हितं बारीक?"

"कुठे?"

"ही तारीख. जुलै म्हैन्याची. जुलैत मी मंबयला व्हते लेकाकडं. मी हितं सही कशी करीन?"

काकांनी खिशातून भिंग काढलं. ते स्वतः उजव्या बाजूला हाताने तारीख घालत. डाव्या कोपऱ्यात सॉफ्टवेअर आपण होऊन मुंगीएवढ्या अक्षरात तारीख छापतं, हे त्यांना दिसलं नव्हतं आणि मी बघितलं नव्हतं. त्यांनी नळकांडीतले बाकीचे नकाशे काढून एकेक उलगडले. नऊच्या नऊ कागदांवर जुलै होता, आणि त्याखाली अठरा माणसांच्या सह्या.

"आजी, सही नका करू," काका म्हणाले. "कागद चुकलाय."

खाली उतरताना पाखाडीच्या एका पायरीवर ते बसले. "घाटावरचे, ही तारीख कुठून आली?"

मी सगळं सांगितलं. फाईल, घड्याळ, सगळं. ते ऐकत राहिले.

"म्हणजे त्यांनी मुदत दिली नव्हती?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही काका."

ते उठले आणि उरलेल्या पायऱ्या उतरायला लागले. मला वाटत होतं त्यांनी रागवावं. जी एक गोष्ट करायची नाही म्हणून या माणसाने चार गावं फिरून घेतली, ती मी त्याच्याकडून नऊ वेळा करून घेतली होती, तीही त्याला न कळता. शिवाय पाखाडीचा दावा उभा राहिला असता तर समोरच्या वकिलाने पहिलं बोट त्या तारखेवरच ठेवलं असतं. भर पावसात मोजणी होत नाही हे कुणीही सांगेल. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. एसटी स्टँडपासून घरापर्यंत आम्ही चालत आलो आणि वाटभर काकांचे ओठ हलले नाहीत.

संध्याकाळी काकू वर माझ्या खोलीत आल्या. "जेवायला बसत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "काय रे, मला पाचव्या गावचं पाणी पाजायचा विचार होता की काय तुझा?" मला वाटलं आता खोली सोडायला सांगतील. पण त्या माझ्यासाठी भात-आमटीचं ताट घेऊन आल्या होत्या.

सकाळी काका लाल शाई घेऊन बसले. प्रत्येक नकाशावर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं, खाली सही, खाली त्या दिवसाची तारीख. मग कंपनीला पत्र सांगितलं. आपली परवानगी नसता मी अमुक महिने आपली वस्तू वापरली, चूक माझी आहे, त्यावर काढलेले नकाशे रद्द केले आहेत. त्या पत्राला मात्र उत्तर आलं, कुठल्याशा यंत्राने आपोआप पाठवलेलं. आपल्या स्वारस्याबद्दल आभार, नवीन आवृत्ती तीस दिवस विनामूल्य वापरून पाहा. काकांनी ते छापून घेतलं, घडी घालून फायलीत ठेवलं. "आता देतायत," ते म्हणाले.

पुढचा प्रश्न होता नकाशांचा. मी उपाय सांगू लागलो. मुलाला सांगून विकत घ्यावं, तर ते नको म्हणाले, दहा-वीस वाड्यांसाठी एवढं घेणं त्यांना पटेना. दुसऱ्या कंपनीचं तीस दिवसांचं होतं, पण काकांनी असं पाहिलं की त्याचं नावही मी पुरतं काढू शकलो नाही. शेवटी मी म्हटलं, एक फुकटचं आहे.

"किती दिवस?"

"कायमचं."

"मालक कोण?"

"तसा एक मालक नाही. जगभरची माणसं मिळून करतात. ज्याला जे येतं ते तो घालतो. कुणीही वापरावं, कुणी अडवत नाही."

काकांनी झोपाळा थांबवला. "म्हणजे पाखाडी," ते म्हणाले. "आमच्याकडे पावसाआधी घरटी एक माणूस यायचा आणि निखळलेले चिरे बसवायचा. वाट सगळ्यांची." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?"

मी खरं ते सांगितलं. ते शिकवायला मला महिना लागला असता आणि फाईल पुसायला दोन मिनिटं लागत होती. मी कंटाळा केला.

"दोन मिनिटं वाचवलीत," काका म्हणाले, "आता नऊ वाड्या चाला."

याही सॉफ्टवेअरच्या अटी त्यांनी छापून आणल्या. तीन दिवसांत वाचून झाल्या. जुन्या फायली त्यात उघडेनात, तेव्हा वहीतल्या आकड्यांवरून सगळं पहिल्यापासून काढावं लागलं. मी रोज क्लासवरून येऊन त्यांच्याशेजारी बसत होतो. आणि दर रविवारी आम्ही एकेका वाडीत जात होतो, नवा नकाशा घेऊन. प्रत्येक ठिकाणी काका पंचांना सांगत, "आधीच्या कागदावर तारीख चुकीची पडली. चूक माझी. पुन्हा सही द्यावी." मी पुढे होऊन बोलायला गेलो की माझ्याकडे नुसतं बघत आणि मी गप्प बसे. एकदा परतताना मी म्हटलंच, की चूक माझी होती, तुमची म्हणून का सांगता.

"नकाशाखाली भाडेकरूची सही नसते," ते म्हणाले.

बोलत होते, जेवत होते, सगळं होतं. पण चालताना त्यांचे ओठ हलेनासे झाले होते. कामाला लागेल तेवढं टेपने मोजत, त्यापलीकडे नाही. काकूंच्याही ते लक्षात आलं होतं.

मेअखेर शेवटचा नकाशा झाला. तो त्यांच्या स्वतःच्या वाडीचा होता. कुंपणाच्या वरच्या अंगापर्यंत त्र्याण्णव पायऱ्या, खालच्या अंगापासून देवळापर्यंत एकसष्ट, आणि मध्ये जिथे पाखाडी कुणाच्या तरी आवारात गेली होती तिथे तुटक रेघ. नकाशा गुरवांच्या ओटीवर पसरला. गुरवांनी वाचला, सही केली. दुसरा पंच म्हणून काकांनी कुणाला बोलावलंय हे मी इकडेतिकडे बघत होतो, तेवढ्यात त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"काका, मी?"

"कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी टेप कुणी धरला होता?"

"पण माझी सही..."

"पंच म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो. करा सही. आणि तारीख तुम्हीच घाला."

मी सही केली. तारखेसाठी खिशातला फोन काढला आणि परत आत ठेवला. उठून गुरवांच्या माजघरात गेलो, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, गुरवांच्या सुनेला आज कितवी तेही विचारून घेतलं, आणि येऊन लिहिली. काकांनी भिंग काढलं, कागदावर वाकले आणि दिवस, महिना, साल एकेक करून वाचलं. मग डावा कोपरा वाचला. दोन्हीकडे तेच होतं.

त्यांनी कागद गुंडाळून नळकांडीत घातला आणि नळकांडी माझ्या खांद्याला लावली. ऊन चढलं होतं. आम्ही देवळाकडची पाखाडी उतरायला लागलो, काका पुढे, मी मागे. मला त्यांची क्षमा मागायची होती. तीन महिने जमलं नव्हतं, आता जमेल असं वाटलं. मी दोन पायऱ्या भरभर उतरून त्यांच्या बरोबरीला आलो आणि म्हणालो, "काका..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांचे ओठ हलत होते.